कांचनजुंगा ‘अजिंक्य’ नाही, शापितही नाही

कांचनजुंगावर आजवर कोणीही पोचलेलं नाही, गेलेला माणूस परत येत नाही, शिखर शापित आहे आणि म्हणूनच भारत सरकारने तिथे चढायला बंदी घातली, असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. मला त्याचा राग येतो, कारण त्याने एका सुंदर खऱ्या गोष्टीची माती केली आहे.

ती गोष्ट १९५५ची. चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेने नेपाळमधून, यालुंग हिमनदीच्या बाजूने वाट काढली. सिक्कीमच्या लोकांची ही रक्षक देवता, म्हणून अगदी माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द त्यांनी चोग्यालांना, म्हणजे सिक्कीमच्या राजांना, दिला होता. २५ मे रोजी जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड वर पोचले. शेवटी उभ्या कातळातली भेग आडवी आली, ती ब्राऊनने चढून काढली. पुढे चार पावलांवर बर्फाचा माथा होता. दोघं तिथेच थांबले. ८,५८६ मीटर उंचीचं, जगातलं तिसरं शिखर, आणि शब्दाखातर शेवटची पावलं सोडून दिली! दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर आले, तेही थांबले. ‘माथ्यावर पाय ठेवला नाही’चं ‘कोणी पोचलंच नाही’ इथूनच झालं असावं. नंतरच्या बहुतेकांनी हा संकेत पाळला, सगळ्यांनी मात्र नाही.

परत न येण्याचं म्हणाल, तर ते चौघेही खाली उतरले. १९७७मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराने सिक्कीममधल्या झेमू हिमनदीकडून, ईशान्य सोंडेवरून शिखर गाठलं. याच सोंडेवरून पॉल बाउअर यांच्या जर्मन मोहिमांना १९२९ आणि १९३१मध्ये माघारी फिरावं लागलं होतं. ११ जानेवारी १९८६ रोजी, ऐन हिवाळ्यात, कुकुच्का आणि विएलित्स्की हे दोघे पोलिश गिर्यारोहक वर जाऊन आले. २०१९मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण.

माणसं तिथे दगावली आहेत, हे खरंच. १९०५च्या मोहिमेतच हिमस्खलनात चौघांचा जीव गेला. पण त्याला शाप कशाला हवा? आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांत हे सर्वांत पूर्वेचं. बंगालच्या उपसागराकडून येणारा ओलावा इथे अडतो, बर्फ प्रचंड पडतं आणि कडे सतत कोसळत राहतात.

राहिली बंदी. ती सिक्कीम सरकारची, २००१ची. आदल्या वर्षी पैसे भरून घेऊन एका परदेशी मोहिमेला परवानगी दिली, तेव्हा तिथल्या लोकांनी मोठा विरोध केला. कारण भीती नव्हे, श्रद्धा. पांग ल्हाबसोल या सणाला ते याच पर्वताची पूजा करतात. शिखर भारत-नेपाळ सीमेवर आहे, त्यामुळे नेपाळच्या बाजूने परवाना काढून चढाया होतच असतात.