चौथ्या दिवशी आलेला फोन

मागे एका जवळच्या मुलीचा फोन आला, वय 22, आवाज एकदम बारीक, आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणे ताई, कंडोम फाटला होता, आता काय करू. कधी गं? तर चार दिवस झाले. चार दिवस!! अगं नेहमीची जी इमर्जन्सी गोळी असते ती 72 तासांच्या आत घ्यायची, त्यातही जितकी लवकर तितकी कामाची. एचआयव्हीची शंका असेल तर पीईपीची, म्हणजे लागण टाळायची औषधंसुद्धा 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात. (पाच दिवसांपर्यंत कॉपर टी बसवता येते, म्हणून तिला तसंच डॉक्टरकडे पळवलं.)

मला तिचा राग नाही आला. घरात आई आहे, मोठी बहीण आहे आणि ही पोरगी चार दिवस एकटी गूगल करत बसली, कारण पहिला प्रश्न "तू असं केलंसच कसं" हाच येणार हे तिला पक्कं माहीत होतं.

बरं लग्न झालेले तरी बोलतात का, तर छे. शरीरसंबंधातून होणाऱ्या क्लॅमिडियासारख्या इन्फेक्शनला बऱ्याचदा लक्षणंच नसतात, मग बायकोच्या टेस्टमधे निघालं की ती गपचूप एकटीच गोळ्या घेते, नवऱ्याला पत्ता नाही, आणि त्याच्याकडून परत तिलाच होतं. उपचार दोघांनी बरोबर घ्यायचे असतात आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत लांब राहायचं असतं. पण "तूपण तपासून घे" म्हटलं की लगेच "माझ्यावर संशय घेतेस?" अरे बाबा, शुगर तपास म्हटल्यावर असं विचारतोस का?

माझ्याच्याने तरी कुठे सहज झालं म्हणा. मुलगा 13 चा असताना एचपीव्ही नावाच्या व्हायरसवरच्या लसीचा विषय काढला, मुलग्यांनाही देतात ती, शरीरसंबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त उपयोग. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ सगळा याच व्हायरसमुळे होतो आणि घशाचे काही कॅन्सरपण. एवढं सगळं मी एका दमात बोलून टाकलं, नवरा मोबाईलमधे तोंड खुपसून बसलेला आणि मुलगा "आई प्लीज" करत खोलीत पळाला. लस घेतली मात्र.

आता तो 19 चा आहे. परवा दारात उभा राहून, बूट घालता घालता, माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाला, "आई, एक मित्र विचारतोय, दोन कंडोम एकदम वापरले तर डबल सेफ का?"

म्हटलं नाही रे, एकमेकांवर घासून उलट फाटायची शक्यता जास्त. एकच वापर म्हणावं, नीट.

"सांगतो त्याला," म्हणाला आणि गेला.