बॅटला रिंग घातली म्हणून फटका लांब जात नाही

उन्हाळी शिबिरांचे बोर्ड लागले की सॉफ्टबॉल-बेसबॉलवाल्या पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो. यंदा एकाच दिवशी तिघांनी मला पाठवला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: बॅटिंगला उतरण्याआधी बॅटला वजनाची रिंग घालून पंचवीस स्विंग मारा, बॅटचा वेग वाढतो; टी, म्हणजे चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा, हे लहान मुलांचं खेळणं; खरा सराव चेंडू फेकणाऱ्या मशीनवरच, तोही सगळ्यात जास्त वेगावर; आणि रोज ५०० स्विंग मारायलाच पाहिजेत.

आधी रिंग, कारण पालकांचे पैसे तिथेच जातात. "सर, बॅट एकदम हलकी लागून राहिली!" रिंग काढली की नागपूरच्या रेशीमबागेच्या मैदानावर प्रत्येक पोरगं हेच म्हणतं, आणि ते खोटं बोलत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी खांद्यावरून उतरवली की हात आपोआप वर जातात ना, तसंच. पण हलकं वाटणं वेगळं आणि बॅट जोरात फिरणं वेगळं. अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठाचे संशोधक कूप डीरेन यांनी वेगवेगळ्या वजनांनी वॉर्मअप करवून स्विंगचा वेग मोजला होता. जड रिंगनंतर तो वाढला नाही, उलट कमी भरला. नेहमीच्या बॅटच्या आसपासच्या वजनानं हात मोकळे केले तेव्हा तो चांगला आला. रिंगचं सगळं वजन बॅटच्या जाड टोकाकडे बसतं, त्यामुळे हात वेगळ्याच, संथ वाटेनं फिरायला शिकतात. मग पहिल्या चेंडूला स्विंग उशिरा येतो आणि उजव्या हाताच्या बॅटरचा चेंडू पहिल्या बेसच्या रेषेबाहेर, म्हणजे फाऊल, जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता रिंग दिसली की आधीच तिकडे बघतो.

जड बॅट अगदीच बाद नाही. थोडी जड आणि थोडी हलकी बॅट आलटून पालटून काही आठवडे वापरली तर वेग वाढू शकतो. पण तो आठवड्यांचा कार्यक्रम झाला, उतरण्याआधीच्या दोन मिनिटांचा नाही.

टीला खेळणं म्हणणाऱ्यानं अमेरिकेतल्या मेजर लीगच्या मैदानावर सामन्याआधी काय चालतं ते बघावं. तिथले दिग्गजही रोज टीवर मारतात. होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळची जमिनीवरची पाटी, १७ इंच रुंद. अंगाजवळून येणारा चेंडू पुढे गाठायचा, लांबून जाणारा थोडा मागे येऊ द्यायचा. हे अंतर अंगात मुरायला चेंडू स्थिर असलेलाच बरा. आमची टी घरगुती आहे: सिमेंट भरलेला रंगाचा डबा, त्यात पीव्हीसी पाइप आणि वर कारच्या रेडिएटरची जुनी रबरी नळी. समोर हिरवी शेडनेट दुहेरी टांगलेली, उन्हाळ्यात आपल्या सिग्नलवर लावतात तीच. चेंडू नेटच्या मधोमध धप्पकन बसला की न बघताही कळतं.

मशीनचा सोस जुना आहे. १८९७ मध्ये प्रिन्स्टनमध्ये चार्ल्स हिंटन यांनी चक्क बंदुकीच्या दारूवर चालणारी पिचिंग मशीन बनवली होती! मशीन वाईट नाही, पण तिला खांदा नसतो. ताशी ९० मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. बॅटर पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात, मनगट, चेंडू सुटण्याची जागा बघून निम्मा निर्णय आधीच घेतो. भोकातून येणारा चेंडू हे शिकवत नाही. जाळीच्या आडून, जवळून, माणसाच्या हातानं टाकलेले चेंडू शिकवतात.

त्याहून स्वस्त उपाय डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. तिथली पोरं झाडूच्या दांड्यानं पाण्याच्या मोठ्या कॅनची झाकणं मारत वाढतात. झाकण हवेत वळतं, डुबकी मारतं, आणि दांडा इंचभर जाड. नजर नाही बसली तर काहीच लागत नाही. आणि वीस लिटरच्या कॅनची झाकणं नागपुरात कुठल्या ऑफिसात पडलेली नसतात? गिल्ली-दांडू खेळलेल्या आजोबांना तर हे समजावूनही सांगावं लागत नाही.

पाचशे स्विंगबद्दल काय बोलायचं! साठाव्या स्विंगनंतर बारा वर्षांच्या पोराची कोपरं खाली पडतात, पुढचे सगळे तो चुकीचे घोटतो. आणि मे महिन्यात, ४५ अंशात?

मेसेज वाचून घेतलेली एक रिंग पालकांनी मला देऊन टाकली. वारा सुटला की शेडनेटचं खालचं टोक उडतं, तिथे ती बांधलीय.