मावशीचे तीन शेक आणि गच्चीवरचा टॉवर

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने तीन दिवस रेडिएशन चुकवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालंय, स्तन न काढता फक्त गाठ काढलीय, आणि आता सोमवार ते शुक्रवार असं एकूण १५ वेळा रेडिएशन. हॉस्पिटलच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका त्याला 'शेक' म्हणतात. सहा शेक झाले होते. सातव्याला तिला न्यायला मी नायगावला गेलो, तर बाई पदर खोचून पोहे परतत होत्या.

"मी नाही येत आजपासून. आधीच टॉवरचं रेडिएशन एवढं भरलंय अंगात, वर हे आणखी कशाला?"

आणि फोन माझ्या हातात दिला. सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टाकलेला मेसेज. वर लाल अक्षरांत 'आपल्या डोक्यावर मृत्यू बसला आहे', खाली हात जोडलेले, मध्ये सात मुद्दे. गच्चीवरच्या ५जी टॉवरने कॅन्सर होतो. टॉवरमुळे चिमण्या गेल्या. नेदरलँड्समध्ये ५जीच्या चाचणीत शेकडो पक्षी पटापट मेले. करोनाची दुसरी लाट म्हणजे ५जीच होतं. कोर्टात गेलेल्या जुही चावलाचा आवाज दाबला. सहावा मुद्दा: कॅन्सरच्या पेशंटने हॉस्पिटलचं रेडिएशन अजिबात घेऊ नये, ते विषावर विष. सातवा: उपाय आहे, लॉकेट, १,५०० रुपये, संपर्क साधा.

हा मेसेज तुमच्याही घरातल्या कुणाकडे आला असेल, म्हणून लिहितोय. क्रमाने जाणार नाही. सहाव्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे सहा मूर्खपणाचे आहेत आणि हा एक जीव घेईल असा आहे.

रेडिएशन हा शब्द एक आहे, वस्तू एक नाही. विरार फास्टमध्ये चढताना बसतो तो धक्का आणि मागून कुणी 'जरा सरका' म्हणत खांद्याला लावतो तोही धक्काच. टॉवरच्या लहरी, ट्यूबलाइटचा उजेड, एक्स-रे, हॉस्पिटलमधलं ते मशीन, सगळं एकाच जातीचं असलं तरी ही ऊर्जा पुड्यांनी येते आणि पुडीच्या आकारावर सगळं ठरतं. पेशीतला डीएनए तोडायला पुडी मोठीच लागते, साधारण अतिनील किरणांपासून पुढची. आपल्याकडे ५जी बहुतेक साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. तिथली एक पुडी साध्या उजेडाच्या पुडीपेक्षा लाखपटीहून लहान. टॉवरच्या पुडीला डीएनए तुटत असता, तर मावशीच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटने अख्खी चाळ कधीच संपवली असती. अशा बारक्या पुड्या कितीही ओतल्या तरी होतं काय, तर गरम होतं. मायक्रोवेव्ह तेच करतो. म्हणून टॉवरना मर्यादा असते, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली.

हॉस्पिटलचं मशीन म्हणजे वेगळाच मामला. त्यातली पुडी टॉवरच्या पुडीच्या हजारो कोटी पट. ती डीएनए तोडते, आणि तोडावा म्हणूनच ती वापरतात. ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसते ती गाठ निघते. आजूबाजूला चुकार पेशी राहिल्या असतील तर त्या दिसत नाहीत. शेक त्यांच्यासाठी. चांगल्या पेशीही थोड्या भाजतात, पण त्यांना डागडुजी जमते. कॅन्सरच्या पेशींना ती तेवढी जमत नाही. म्हणूनच एकदम न देता रोज थोडं थोडं, मध्ये रात्रीची विश्रांती. मध्येच चार दिवस दांडी मारली तर डागडुजीला वेळ कुणाला मिळतो? ज्यांना द्यायचा नव्हता त्यांनाच. आणि 'अंगात भरणं' हा प्रकार यात नाहीच. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद झालं की संपले, जसा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही. मावशीला भीती होती की घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं तर पोरीला बाधेल. हे तिने सहा दिवस कुणालाच विचारलं नव्हतं. नातीला नुसतं लांब ठेवलं होतं.

आता आकडा. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १७ चाचण्या एकत्र केलेल्या, १०,८०१ बायका, सगळ्या मावशीसारख्याच, गाठ काढलेल्या आणि स्तन राखलेल्या. काहींना रेडिएशन दिलेलं, काहींना नाही. १० वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण रेडिएशन न घेतलेल्यांत ३५ टक्के, घेतलेल्यांत १९.३. शंभर जणींमागे जवळपास सोळा जणींचा फरक. आणि असं उलटणं चार जणींचं टळलं, की १५ वर्षांत त्यांच्यामागे एक मृत्यू टळतो. काकांनी 'फॉरवर्ड' दाबायला लागतो तेवढ्या वेळात या सोळा जणींवर पाणी सोडलं.

मी हे सगळं मावशीला सांगितलं का? सांगितलं. पटलं का? नाही. "तू काय डॉक्टर आहेस?" गुरुवारी संध्याकाळी तिच्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलणं झालं. त्या रागावल्या नाहीत, राहिलेले तीन पुढे जोडून पूर्ण करू म्हणाल्या. शुक्रवारी मावशी आली. गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

आता पहिला मुद्दा, टॉवरने कॅन्सर. इथे थोडं नाक मुठीत धरून मान्य करतो की हे हवेतून आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक असू शकेल'. मेसेजमध्ये 'कदाचित' गाळलंय, ते ओघाने आलंच. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत, कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा ते सांगत नाही. अमेरिकेत उंदरांवर झालेला प्रयोगही खरा आहे. २०१८ मध्ये निकाल आला, नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या. पण दिवसाला नऊ-नऊ तास, दोन वर्षं, सगळ्या अंगावर मारा, तोही २जी-३जीचा, आणि मारा झालेले नर उंदीर बाकीच्यांपेक्षा जास्त जगले. याचं काय करायचं ते काकांनी ठरवावं. माणसांचं विचाराल, तर जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासले, मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध सापडला नाही.

पक्क्या पुराव्याचा जो पहिला गट आहे, त्यात कोण बसलंय? तंबाखू. सुपारी. दारू. काका जिन्याच्या कठड्याला टेकून डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू मळतात, दोन टिचक्या मारतात, ओठाखाली ठेवतात, आणि त्याच हाताने टॉवरविरुद्ध मेसेज लिहितात. मावशी स्वतः चाळीस वर्षं मशेरी लावते. तिच्या मोरीच्या फळीवर तो पत्र्याचा डबा आजही आहे. हा आजार मशेरीचा असं मी म्हणत नाही, उगाच बाईच्या माथी मारायचं नाही. पण डब्याबद्दल ग्रुपवर एकही लाल अक्षर आलेलं नाही.

मेसेजमधली आणखी एक ओळ अशी की टॉवर ज्या गच्चीवर, त्याच बिल्डिंगला सगळ्यात जास्त धोका. उलट आहे. अँटेना झोत आडवा मारतो, पायाशी फार थोडं येतं. दिव्याखाली अंधार, आपलीच म्हण. आणि टॉवर जितका लांब, तितका तुमचा फोन ओरडून बोलतो, कानाला चिकटून. टॉवर हटवा म्हणणारे काका गेल्या पावसाळ्यात 'घरात रेंज नाही, कंपनीला पत्र लिहा' म्हणून सभेत टेबल बडवत होते. मोजायचंच असेल तर दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' पोर्टल आहे. आपल्या भागातले टॉवर तिथे बघता येतात, फी भरून जागेवर मोजणीही मागता येते. सोसायटीतून आजवर कुणी मागितलेली नाही. टॉवरबद्दल भांडायला खरी कारणं आहेत. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर आलेलं वजन, रात्री घरघरणारा जनरेटर, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याचं भाडं कुठे जातं. त्यावर भांडा, मी पहिल्या रांगेत बसतो.

चिमण्यांचं मला वाईट वाटतं. लहानपणी चाळीत आजोबांच्या फोटोमागे घरटं असायचं, पंखा लावायला बंदी असायची, आणि काड्यांचा कचरा केरात निघायचा. आता फोटो सपाट भिंतीला चिकटून असतो, मागे बोट जात नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२० चा अहवाल सांगतो की देशभर चिमण्या २५ वर्षं साधारण टिकून आहेत, पण मुंबईसारख्या महानगरांत घटल्यात. मोबाइल टॉवर हे कारण असल्याचा पुरावा नाही. पिल्लांना भरवायला किडे नाहीत आणि घरट्याला जागा नाही, याकडे तो बोट दाखवतो. हो, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने बीएनएचएस या मुंबईतल्या निसर्ग अभ्यास संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि तिने टॉवर आणि पक्ष्यांबाबत सावधगिरी सुचवली होती. तेवढं काकांच्या पदरात टाकतो. बाकीचं शास्त्र त्यांनी रजनीकांतच्या '२.०' मधून घेतलंय. त्यात पक्षिमित्र अक्षय कुमार टॉवरला गळफास घेतो आणि मग हजारो मोबाइलचा गरुड होऊन उडतो. गरुड चांगला जमलाय.

उरलेलं भराभर. नेदरलँड्समधले, हेग शहरातले पक्षी मेले ते २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ५जीची चाचणी झाली होती २८ जूनला, एक दिवस. चार महिने दम धरून मरणारे पक्षी मी तरी ऐकले नाहीत. करोनाची दुसरी लाट: चाचण्यांना परवानगीच मिळाली ४ मे २०२१ ला, तोवर आपण ऑक्सिजनच्या रांगा लावून बसलो होतो. ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. जुही चावलाचा आवाज कुणी दाबला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये याचिका फेटाळून २० लाखांचा भुर्दंड लावला, पुढे तो २ लाखांवर आणला. ऑनलाइन सुनावणीत आवाज चढला होता तो कुणा भलत्याचाच, त्याने मध्येच तिच्या सिनेमातली गाणी म्हटली.

आणि लॉकेट. मावशीने ते घेतलंय, काकांच्याच ओळखीतून, १,५०० रोख. काळं, गोल, पाठीवर 'क्वांटम' आणि 'निगेटिव्ह आयन' असं कोरलेलं. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ५जीपासून वाचवणाऱ्या अशा दहा वस्तू तपासल्या. लॉकेट, ब्रेसलेट, झोपताना डोळ्यांवर बांधायचा पट्टा. त्या वस्तूच किरणोत्सर्गी निघाल्या, म्हणजे टॉवरमध्ये नसलेलं, डीएनए तोडणारं रेडिएशन या लॉकेटमध्ये. लोकांना सांगावं लागलं की वापरू नका, बाजूला काढून ठेवा. 'निगेटिव्ह आयन'वाल्या मालात थोरियम असलेलं खनिज घालतात, ही त्यातली गोम.

मावशीने ते गळ्यातून काढून दिलं, तेही शुक्रवारी परत येताना, टॅक्सीत, न बोलता. सध्या ते माझ्या कपाटावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्या, कळत नाही. मुंबईत आयुष्य गेलं, पण विकणाऱ्याने आपल्याला चक्क फसवलेलं असावं, त्यात नुसतं काळं प्लास्टिक असावं, अशी प्रार्थना मी पहिल्यांदाच करतोय.