वीटभट्टीवाल्यांच्या थकीत रकमेबाबत
थकीत रक्कम कशी वसूल करावी यावरील तुमच्या लेखात कंत्राटदारांना लेखी कराराचा सल्ला दिला आहे, तो योग्यच. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील वीटभट्टीवाल्याचा व्यवहार ट्रॅक्टरच्या फेऱ्या आणि वहीतल्या कच्च्या नोंदी यांवर चालतो, आणि स्लॅब टाकून झाला की त्या फेऱ्यांची संख्याच वादाची होते. म्हणून प्रत्येक फेरीच्या चलनावर (माल पोहोचल्याच्या पावतीवर) बांधकामावरच्या मुकादमाची तारखेसह सही घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाची रक्कम माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे, करारात काहीही लिहिले असले तरी, अडवता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्यापूर्वीच केलेली बरी, हे भट्टीवर कोणी सांगत नाही. वसुलीसाठी कोर्टात दावा लावण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते, आणि ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.