‘खांदी’ला गावंढळ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोकणात फांदीला ‘खांदी’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘स्कंध’वरून आला, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘खांदी हा फांदीचा गावंढळ अपभ्रंश, त्याला संस्कृत मूळ चिकटवण्याचा अट्टहास कशाला?’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू दे, पण ‘गावंढळ’ कशासाठी? आणि ‘अट्टहास’? माझ्या लेखात मी कुणाच्या बोलीला नावं ठेवली नव्हती. हाच आक्षेप साध्या शब्दांत मांडला असतात तर उत्तर द्यायलाही बरं वाटलं असतं.

‘फ’चा ‘ख’ झाल्याचं एक तरी उदाहरण द्यायचंत. फणस, फळ, फूल, फाळ. यांपैकी कशाचा ‘ख’ कोकणातल्या कुठल्या वाडीत ऐकलात? उलट ‘स्कंध’, प्राकृतात ‘खंध’, मराठीत ‘खांदा’ आणि ‘खांदी’ ही वाट सरळ आहे. सुरुवातीच्या ‘स्क’चा ‘ख’ झाला आणि पुढच्या ‘ध’मधला हकार, म्हणजे ‘ह’चा उच्चार, गळला. ‘स्कंभ’चा ‘खांब’ असाच झाला. हिंदीत मात्र ‘खंभा’ आणि ‘कंधा’ म्हणताना तो हकार अजून ऐकू येतो. गोव्यात कोंकणीतही फांदीला खांदीच म्हणतात. तेही सगळे गावंढळ का?

अमरकोशात ‘स्कंध’ म्हणजे मुळापासून फांद्या फुटेपर्यंतचं खोड, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मान्य. पण तिथेच पुढे ‘स्कंधशाखा’ आहे, खोडातून निघणारी थोरली शाखा. तेवढं वाचायचं कसं राहिलं?

आणि हा शब्द मी कोशातून उचललेला नाही. आमच्याकडे रत्नागिरीला भातरोपाच्या भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या झाडाचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडतात. आजोबा कोयती घेऊन झाडावर चढायचे आणि मी खाली भारे बांधायचो. ‘शेंड्याची खांदी राखायची, नायतर झाड बसतं,’ असं ते सांगायचे. डहाळी वेगळी, खांदी वेगळी. कुठली तोडायची नि कुठली राखायची ते त्या शब्दांवरून कळायचं. त्या माणसाची भाषा अशुद्ध ठरवण्याआधी तुम्ही एकदा तरी कवळ तोडलंय का, हे मला विचारावंसं वाटतं.

शहरात ‘फांदी’च चालते, यावर माझा वाद नाही. यापुढे प्रतिक्रिया जरूर द्या, पण शब्दाबद्दल बोला. तो बोलणाऱ्यांबद्दल नको.