पाच दिवसांच्या गोळ्या

आरोग्य विम्याचा विषय निघाला की सगळे हॉस्पिटलच्या बिलाबद्दल बोलतात. मिरजेत मेडिकल चालवणारा माणूस म्हणून मला त्या बिलाच्या आधीच्या वर्षांबद्दल बोलायचंय. घर बसतं ते बिलानं, पण दुखणं वाढतं ते आमच्या काउंटरवर.

डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. बीपीची एक, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक. चिठ्ठी पुढं येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "सगळं मिळून किती होतंय, भाऊ?" आकडा ऐकला की बाई जरा थांबते. "ह्यांच्या महिन्याच्या द्या. माझ्या पाचच दिवसांच्या." मी कात्रीनं पट्टी कापतो. नवऱ्याच्या अख्ख्या पट्ट्या आणि तिचा तो कापलेला तुकडा एकाच पिशवीत जातात. सहाव्या दिवशी ती येत नाही, पंधरा-वीस दिवसांनी येते. "मावशी, मधे गोळ्या घेतल्या नाहीत?" असं विचारलं की म्हणते, "बरं वाटत होतं की." बीपी वाढलं तरी दुखत नाही, त्यामुळं बरंच वाटतं. एक दिवस हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं, तेव्हा कळतं.

ह्या मावशी एक नाहीत, आणि त्या गरीबही म्हणवून घेत नाहीत. नवरा दुकानात कामाला, मुलगा ड्रायव्हर किंवा कंत्राटावर, सून खाजगी शाळेत शिकवते. हातावर पोट नाही, पण हातात जास्तीचं काही नाही. नीती आयोगानं २०२१ साली अशा लोकांवर एक अहवाल काढला. देशातल्या निदान ४० कोटी लोकांना आजारपणाच्या खर्चापासून कसलंच संरक्षण नाही, असं त्यात म्हटलंय. सरकारी योजनेसाठी ते पुरेसे गरीब नाहीत आणि कंपनीचा विमा त्यांना परवडत नाही.

नोकरीतला विमा म्हणाल तर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर आहे. त्याच्या पुढं पगार गेला की नव्या नोकरीत तो लागू होत नाही, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला तर बहुतेक नाहीच. स्वतः पॉलिसी घ्यायची तर साठीच्या आईबापांचा हप्ता ऐकूनच माणूस फोन ठेवतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, चांगलं झालं. पण मूळ हप्ताच झेपत नसेल तर कर गेल्यानं काय होणार? शिवाय आधीपासून असलेल्या शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात.

आपल्या राज्याला इथं श्रेय द्यायलाच हवं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले जनआरोग्य योजना झालं. आधी दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख झालंय आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू झालीय. सत्तरीच्या पुढच्यांना केंद्राच्या योजनेच्या आयुष्मान कार्डासाठी उत्पन्नाची अट राहिली नाही. ह्या योजनांमुळं वाचलेली माणसं मी रोज बघतो. बायपास होऊन चालत दुकानात आलेली बघतो.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. हे सगळं संरक्षण मुख्यतः माणूस ॲडमिट झाल्यावर सुरू होतं. किडनी निकामी झाली की डायलिसिस योजनेत बसतं. किडनी टिकावी म्हणून वर्षानुवर्षं घ्यायची बीपीची गोळी मात्र खिशातून. लकवा मारून आयसीयूत गेलात तर पॅकेज आहे, तो टाळणाऱ्या औषधाला नाही. गळती छपराला आहे आणि आपण फक्त खाली बादली ठेवायचे पैसे देतोय.

सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, हे कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झालेत. पण ओपीडी असते कामाच्या वेळेत. रोजंदारीवरचा माणूस एक खाडा करून जातो आणि कधी गोळी शिल्लक नसते. पुढच्या महिन्यात तो जात नाही.

मग यायचा तो दिवस येतोच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाजगी रुग्णालयात एकदा भरती व्हायचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला होता, सरकारीत ४,४५२. सरासरी म्हणजे त्यात साधा तापही आला. आयसीयूचा आकडा निराळाच. डिपॉझिट भरा म्हटलं की पहिलं जातं बायकोचं गंठण, सोनाराकडं किंवा पतपेढीत. मग पाहुण्यांकडून उसने, मग शेताचा तुकडा. शेवटी पोरीचं कॉलेज थांबतं. पोराचं थांबत नाही, पोरीचं थांबतं, हे मी मुद्दाम लिहितोय. आईच्या औषधाला कात्री लागते तशीच लेकीच्या शिक्षणाला लागते, आणि दोघीही "चालतंय" म्हणतात.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. बीपी, शुगर, दमा, फिट्स, थायरॉइड, ह्या आयुष्यभराच्या औषधांचा खर्च जनआरोग्य योजनेत घ्या. जेनेरिक द्या, माझी हरकत नाही. माझ्या दुकानाचा धंदा थोडा कमी झाला तरी चालेल. जवळच्या मेडिकलमध्ये कार्ड दाखवून महिन्याची गोळी मिळू दे. दरवेळी खाडा करायला लागू नये. निवडणुकीत पाच लाखांचा आकडा सांगायला सोपा असतो, महिन्याच्या गोळीचं पोस्टर होत नाही, म्हणून हे कुणी बोलत नाही.

तोवर जे हातात आहे ते करू. आयुष्मान कार्ड आजारी पडल्यावर काढायला धावू नका. आयसीयूच्या बाहेर उभं राहून आधार आणि रेशनकार्डावरच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून रडणारी माणसं मी बघितलीत. जनआरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८. मिरजेतल्या कुणालाही जमत नसेल तर घरातल्या सगळ्यांचं आधार, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन रात्री आठनंतर दुकानात या, गर्दी कमी असते. आयुष्मान ॲपवर नाव आहे का बघू आणि तिथंच अर्ज भरू.