रुक्मिणीदेवींचा कायदा आणि त्याविषयी पसरलेली विधाने

बैलगाडा शर्यतींचा वाद पेटला, किंवा भटक्या कुत्र्याने एखाद्या लहान मुलाला चावा घेतल्याची बातमी आली, की एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा परदेशी पैशावर चालणाऱ्या संघटनांनी आपल्यावर लादला, त्यामागे गोऱ्या साहेबाशी लग्न केलेल्या एका नर्तकीची हौस होती, हा कायदा शेतकऱ्याच्या आणि धर्माच्या मुळावर आला, बैलगाडा शर्यती त्यानेच बंद पाडल्या आणि रस्त्यावरची कुत्रीही त्याच्यामुळेच वाढली. ही नर्तकी म्हणजे मद्रासच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्य-संगीत संस्थेच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी कायदा उघडूनही पाहिलेला नसावा, अशी माझी खात्री होत चालली आहे.

परदेशी संघटनांचे विधान नुसत्या तारखा पाहिल्या तरी कोसळते. ज्या ‘पेटा’कडे बोट दाखवले जाते, ती प्राणिहक्कांसाठी काम करणारी संघटना अमेरिकेत १९८० मध्ये स्थापन झाली आणि तिचे भारतातले काम २००० मध्ये सुरू झाले. रुक्मिणीदेवी १९५२ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले. १९५४ मध्ये त्यावर चर्चा झाली. सरकार स्वतः समिती नेमून या विषयावर कायदा आणील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी आपले विधेयक मागे घेतले. त्यानंतर सरकारी विधेयक आले आणि डिसेंबर १९६० मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे तो संमत झाला तेव्हा ‘पेटा’च्या जन्माला वीस वर्षे अवकाश होता.

‘हौस’ हा शब्द मला विशेष खटकतो. या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले, आणि २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निधन होईपर्यंत रुक्मिणीदेवी त्याच्या अध्यक्ष होत्या. १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव सुचवले तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. देशातले सर्वोच्च पद नाकारणारी आणि जवळजवळ चोवीस वर्षे एका दुर्लक्षित मंडळाचा कारभार पाहणारी व्यक्ती हौशी असेल, तर गंभीर कोणाला म्हणायचे?

‘गोऱ्या साहेबाची बायको’ या शेऱ्यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. रुक्मिणीदेवींचा जन्म १९०४ मध्ये मदुराईत झाला, त्यांचे वडील नीलकंठ शास्त्री थिऑसॉफिकल सोसायटी या सर्वधर्मीय अध्यात्मवादी संस्थेशी जोडलेले होते, आणि १९२० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी त्याच सोसायटीतल्या जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशी विवाह केला, तेव्हा मद्रासमध्ये मोठी खळबळ उडाली. शाकाहाराचा आणि जीवदयेचा त्यांचा आग्रह थिऑसॉफीच्या वातावरणात पक्का झाला, हेही खरे. परंतु यावरून मुक्या जनावरांच्या बाजूने कायद्याने उभे राहण्याची कल्पनाच परकी ठरते, असे म्हणणाऱ्याने आपल्या मुंबईचा इतिहास तरी वाचायला हवा. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरातले व्यवहार थंडावले. त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारी मुंबईची संस्था १८७४ ची आहे. परळला तिचे जे रुग्णालय दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले, त्याला कागदोपत्री बाई साकरबाईंचे नाव असले तरी गिरणगाव त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखत आला. याहून मागे जायचे तर नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, आणि नवव्या लेखात जी खरी धर्मकृत्ये सांगितली आहेत त्यांत प्राण्यांविषयीचा संयम आहे. रुक्मिणीदेवींनी हे सारे निर्माण केले नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेत त्याला कायद्याचे रूप मिळावे यासाठी त्या झगडल्या.

याच संदर्भात एक जोडआरोप होतो की त्यांनी देवदासी घराण्यांची कला उचलून ती उच्चवर्णीयांच्या हवाली केली. भरतनाट्यमच्या इतिहासातला तो वाद गंभीर आहे आणि त्यात रुक्मिणीदेवींच्या बाजूने सगळेच बोलता येईल असे नाही. परंतु त्याचा निकाल काहीही लागला तरी बैलाच्या पाठीवरचा वळ खोटा ठरत नाही.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. तोच सर्वांत जिव्हाळ्याचा असल्यामुळे कायद्यात नेमके काय लिहिले आहे ते पाहू. क्रूरतेची व्याख्या अकराव्या कलमात आहे: जनावराला मारझोड करणे, त्याच्यावर अतिभार लादणे, ते उपाशी किंवा तहानलेले ठेवणे, आणि वय, आजार किंवा जखमेमुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात ठरवून दिलेल्या पद्धतीने खच्चीकरण करणे, वेसण घालणे, डाग देणे आणि शिंगे काढणे या गोष्टी क्रूरतेतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. अन्नासाठी जनावर मारण्यालाही, त्याला विनाकारण यातना दिल्या नाहीत तर, ते कलम लागू होत नाही. धर्मावर घाला येतो म्हणणाऱ्यांसाठी अठ्ठाविसावे कलम आहे: कोणत्याही समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर मारणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. आजन्म कट्टर शाकाहारी राहिलेल्या रुक्मिणीदेवींना ही तरतूद मनातून मान्य असणे कठीण आहे. तरीही आपले विधेयक मागे घेऊन त्यांनी ज्या सरकारी कायद्याला वाट करून दिली त्यात ती आहे, आणि पुढे चोवीस वर्षे त्यांनी काम केले ते याच कायद्याखाली.

त्या अध्यक्ष असताना, १९६५ मध्ये, ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. जिथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन गाडी हाकायची नाही. खिळे बसवलेली काठी वापरायची नाही. उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाचा जुवाखाली सोलवटलेला खांदा आणि पराणीच्या आरीने मागच्या अंगावर पडलेली रक्ताळलेली टोचणी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला या नियमांत शेतकरीद्वेष दिसणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैलाचा खांदा हळद-तुपाने चोळला जातो, कारण वर्षभर त्या खांद्यावर काय गेले हे घरधन्याला ठाऊक असते. १९६५ च्या नियमांमागची जाणीव याहून वेगळी नाही. जो शेतकरी पोटच्या पोरासारखी जनावरे सांभाळतो, त्याला या नियमांनी नवे काहीच सांगितलेले नाही.

बैलगाडा शर्यतींच्या बाबतीत मात्र दोन कालखंडांची सरमिसळ होते. प्रदर्शनासाठी किंवा खेळासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू (तमिळनाडूतला बैलांचा खेळ) व बैलगाडा शर्यतींना मनाई करणारा निर्णय ७ मे २०१४ रोजी दिला. रुक्मिणीदेवींना जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. त्या खटल्यात पशुकल्याण मंडळाबरोबर ‘पेटा’ही होती आणि न्यायालयाने १९६० च्या कायद्यातल्या तिसऱ्या व अकराव्या कलमांचा आधार घेतला, हे मी आढेवेढे न घेता मान्य करतो. परंतु प्राण्यांवरील क्रूरता हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राप्रमाणे राज्यालाही कायदा करता येतो, आणि त्याच वाटेने महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे ‘कायद्याने शर्यती बंद पाडल्या’ हे वाक्य वर्तमानकाळात वापरणे चुकीचे आहे.

कुत्र्यांविषयीचे विधान तर नेमके उलटे आहे. १९६० च्या कायद्याने भटकी कुत्री मारण्यावर बंदी घातली नाही. अकराव्या कलमाच्या ज्या पोटकलमाने वेसण वगळली, त्यानेच ठरवून दिलेल्या पद्धतींनी भटकी कुत्री मारणेही वगळले आहे. पकडायचे, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस द्यायची आणि त्याच जागी सोडायचे, हे धोरण २००१ च्या नियमांनी आले आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने केले गेले. ज्याच्या घरात मूल चावले गेले त्याचा संताप रास्त आहे. निर्बीजीकरण कागदावर राहते आणि लस वेळेवर मिळत नाही, याचा जाब नगरपालिकेला विचारायला हवा. १९८६ मध्ये निवर्तलेल्या बाईंच्या नावाने खडे फोडल्याने त्या घराच्या पदरात काहीही पडत नाही.

त्यांनी खरोखर काय बदलले, ते या मजकुरात कुठेच येत नाही. आधीचा १८९० चा कायदा पाळीव आणि पकडलेल्या जनावरांपुरता होता, आणि मुळात तो रस्त्यात किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी केलेल्या क्रौर्याकडेच पाहत होता. १९६० च्या कायद्याने माणसाखेरीज प्रत्येक सजीव प्राण्याला व्याख्येत घेतले, आणि जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर, तिसऱ्या कलमाने, त्याच्या कल्याणाची कायदेशीर जबाबदारी टाकली.

आणि या कायद्यावर टीकाच करायची असेल, तर तिला भरपूर जागा आहे. अकराव्या कलमाखालच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड पन्नास रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला, तर शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० मध्ये पन्नास रुपयांना काही किंमत होती. आज तेवढ्यात बैलाला एक वेळची पेंडही येत नाही. केंद्राने २०२२ मध्ये शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. हा कायदा फार जाचक आहे असे सांगत फिरणाऱ्यांनी तो मसुदा आणि हा पन्नास रुपयांचा आकडा शेजारी ठेवून वाचावा.